‘आम्ही’ आणि ‘आपण’ : हल्ल्यानंतरच्या राष्ट्रैक्याची भाषा

राष्ट्रावर आघात झाला म्हणजे राष्ट्र एक होते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तो इतका रूढ आहे की तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. आणि ज्याला वाटते त्याच्या राष्ट्रनिष्ठेविषयीच शंका घेतली जाते. दलित लेखकाला मात्र तो तपासल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांकडे वेसकरपण होते. रात्री गावाच्या वेशीची राखण वेसकराने करायची, चोर-दरोडेखोरांशी पहिली गाठ त्याची पडायची, आणि त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीच्या बाहेर. राखण त्याची, गाव दुसऱ्याचे. गावावर संकट आले की ‘आपले गाव’ हे शब्द त्याच्या कानी यायचे. संकट टळले की ते पुन्हा ‘आमचे गाव’ व्हायचे.

मराठी भाषेने हा भेद व्याकरणातच जपून ठेवला आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. त्यामुळे राष्ट्रैक्याचे इंग्रजी भाषण मराठीत आणू लागलो की जागोजाग थांबावे लागते : येथे ‘आपण’ लिहायचे की ‘आम्ही’? हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. हल्ल्यानंतर जी भाषणे होतात, जे कायदे होतात आणि ज्या कविता लिहिल्या जातात, त्यांच्या मूल्यमापनाची ती एक कसोटी होऊ शकते. ही कसोटी लावून ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेतील काही संहिता तपासाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकाच का, असे कोणी विचारील. एक तर दलित साहित्याचे अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी जुने नाते आहे. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील काळ्या लेखकांची ओळख त्यांनी मराठवाड्यातल्या आपल्या तरुणांना करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत जी संघटना उभी राहिली तिने ‘पँथर’ हे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. दुसरे कारण असे की ज्या शहरावर २००१ चा हल्ला झाला त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे : राष्ट्र म्हणजे काय हे घटना समितीला समजावून सांगताना बाबासाहेबांनी अमेरिकेचाच दाखला दिला होता. त्याकडे शेवटी येऊ.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. त्या दिवशी १९ अपहरणकर्त्यांनी चार विमाने ताब्यात घेऊन सुमारे ३००० माणसे मारली. या कृत्याला कोणत्याही अन्यायाचे समर्थन मिळू शकत नाही. अमेरिकेने जगात काय काय केले याची यादी वाचून दाखवून त्या मृतांचा हिशेब चुकता करता येत नाही. मनोऱ्याच्या १०६ आणि १०७ व्या मजल्यांवरील उपाहारगृहात त्या सकाळी कामावर असलेले सत्तरहून अधिक कामगार मेले. त्यांत आचारी होते, वाढपी होते, भांडी विसळणारे होते. कितीतरी देशांतून पोटासाठी आलेली माणसे होती. त्यांचे मरण हे कोणत्याही साम्राज्याला मिळालेले उत्तर नव्हते. दलित जाणीव माणसाला केंद्रस्थानी मानते. म्हणून ती अशा मारेकऱ्याच्या बाजूने क्षणभरही उभी राहू शकत नाही. पुढील सर्व विवेचन ही भूमिका गृहीत धरून आहे.

२

पहिली संहिता आहे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २० सप्टेंबर २००१ रोजी संसदेच्या संयुक्त सभेपुढे केलेले भाषण. वक्तृत्वाच्या दृष्टीने ते सामान्य भाषण नव्हे. वाक्ये छोटी आहेत, लय पक्की आहे, आणि शोकाकडून निर्धाराकडे होणारा प्रवास नीट बांधला आहे. त्यात एक चांगली गोष्टही आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचा शत्रू मुसलमान नाहीत, अरब मित्र नाहीत, असे राष्ट्राध्यक्षांनी त्यात स्पष्ट म्हटले. त्याआधी तीनच दिवस ते वॉशिंग्टनच्या मशिदीत जाऊन आले होते. जमावाच्या रागाला सत्ताधाऱ्याने वेळीच आवर घालणे किती मोलाचे असते हे ज्यांनी जमावाचा राग अंगावर घेतला आहे त्यांना सांगायला नको.

पण भाषणाची मूळ मांडणी पाहा. हल्ला कोणावर झाला? स्वातंत्र्यावर. तो का झाला? आमच्याकडे निवडून दिलेले सरकार आहे, बोलण्याचे, पूजेचे आणि एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याचा त्यांना द्वेष वाटतो म्हणून. येथे स्वातंत्र्य ही पूर्ण झालेली, कुलुपात ठेवलेली ठेव आहे. ती सर्वांना सारखी वाटून मिळालेली आहे आणि आता फक्त राखायची आहे, असे गृहीत धरले आहे. ज्या देशात १९६५ चा मतदान हक्काचा कायदा होईपर्यंत दक्षिणेतील काळ्या माणसाला मतपेटीपर्यंत पोचणे जवळजवळ अशक्य होते, त्या देशात हे गृहीत किती जणांचे असेल? ठेव राखायला सर्वांना बोलावले आहे; पण ती कोणाच्या नावावर आहे याचा उल्लेख नाही. वेसकराला हे भाषण ओळखीचे वाटते ते यामुळे.

दुसरे असे की, या भाषणाने जगापुढे दोनच जागा ठेवल्या : आमच्याबरोबर या, नाहीतर तुम्ही दहशतवाद्यांबरोबर आहात. वाक्य परराष्ट्रांना उद्देशून होते, पण घरातल्यांनीही ते ऐकले. जो सरकारच्या उपायाशी असहमत आहे पण मारेकऱ्याचा वैरी आहे, अशा माणसाला या वाक्यात उभे राहायला जागाच नाही. आणि नागरिकांनी करायचे काय? आपले रोजचे जीवन जगा, मुलांना जवळ घ्या, अर्थव्यवस्थेवर विश्वास ठेवून तिच्यात भाग घेत राहा. विचार करा, प्रश्न विचारा, असे मात्र कोठे म्हटलेले नाही. हे ऐक्य श्रोत्यांचे ऐक्य आहे, सहभागींचे नव्हे.

त्याच सुमारास गॅलपच्या पाहणीत राष्ट्राध्यक्षांना ९० टक्के लोकांचा पाठिंबा दिसला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेला इशारा येथे आठवतो. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे, अशा आशयाचे ते बोलले होते. हल्ल्यानंतरचा आठवडा हा अशा भक्तीचा हंगाम असतो.

३

दुसरी संहिता म्हणजे कायदा. कायद्याची साहित्यसमीक्षा करायची नसते, असे कोणी म्हणेल. पण मनुस्मृती ही एक संहिता आहे आणि १९२७ साली महाडला तिचे दहन झाले, हे लक्षात असलेल्याने असे म्हणू नये. कायद्याची भाषा माणसाला जागा नेमून देते.

२६ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेत जो कायदा झाला त्याच्या लांबलचक नावाचा पहिला शब्द ‘एकत्र आणणे’ या अर्थाचा आहे, आणि नावातील आद्याक्षरे जुळवली की ‘पेट्रियट’, म्हणजे देशभक्त, हा शब्द तयार होतो. ही शब्दरचना सहज झालेली नाही. कायद्यालाच देशभक्त हे नाव दिले की त्याच्या विरोधकाला कोणते नाव उरते, हे सांगावे लागत नाही. तरीही कनिष्ठ सभागृहात ६६ सदस्यांनी विरोधात मत दिले. वरिष्ठ सभागृहात मात्र ९८ विरुद्ध १ असे मतदान झाले. तो एकटा सदस्य विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड.

या कायद्याने सरकारला टेहळणीचे आणि नोंदी मागवण्याचे विस्तृत अधिकार दिले. कोण कोणते पुस्तक घेऊन गेला, याची ग्रंथालयातील नोंदही त्यातून सुटत नव्हती. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांकडे अशी माहिती मागितली गेली आणि त्याविषयी कोणाशी बोलण्यास मनाई करण्यात आली. ते न्यायालयात गेले, आणि २००६ मध्ये त्यांच्यावरील मौनाची सक्ती उठली. स्वातंत्र्याचे रक्षण म्हणजे काय, याचे उत्तर मला राष्ट्राध्यक्षांच्या भाषणापेक्षा या चार ग्रंथपालांच्या कृतीत अधिक सापडते. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. वाचकाच्या मनावर पहारा बसू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता.

हल्ल्यानंतरच्या महिन्यांत परदेशी नागरिकांना मोठ्या संख्येने पकडण्यात आले. त्यांपैकी ७६२ जणांच्या स्थानबद्धतेची चौकशी न्याय खात्याच्याच महानिरीक्षकाने केली, आणि जून २००३ च्या अहवालात त्यांना मिळालेल्या वागणुकीवर, विशेषतः ब्रुकलिनच्या बंदिगृहातील मारझोडीवर, ताशेरे ओढले. भाषणातला ‘आपण’ बंदिगृहाच्या दारापर्यंत पोचता पोचता ‘आम्ही’ झाला होता. आणि रस्त्यावर काय झाले? १५ सप्टेंबरला ॲरिझोना राज्यातील मेसा गावी एका शीख पेट्रोलपंपवाल्याला गोळी घालून ठार करण्यात आले. त्याचा दोष एवढाच की त्याच्या डोक्याला पगडी होती. मारणाऱ्याला मुसलमान आणि शीख यांतला फरक कळला नाही, असे म्हणून आपण हळहळतो. पण फरक कळला असता आणि त्याने मुसलमानाला मारले असते, तर ते क्षम्य ठरले असते काय?

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. कराचीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला एक २३ वर्षांचा तरुण त्या सकाळपासून बेपत्ता होता. त्याने प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते आणि पोलिसांच्या प्रशिक्षणार्थी दलातही काही काळ काढला होता. मुसलमान आणि बेपत्ता, एवढ्यावरून त्याच्याभोवती संशयाचे वलय उभे राहिले. तो लपून बसला असावा, असे वृत्तपत्रातून सुचवले गेले. प्रत्यक्षात तो जखमींना मदत करण्यासाठी मनोऱ्यांकडे धावला होता. मार्च २००२ मध्ये त्याचे अवशेष ढिगाऱ्यात सापडल्याचे घरच्यांना कळले. विशेष हे की, त्या ‘देशभक्त’ कायद्याच्या मजकुरातच, अरब व मुसलमान नागरिकांचे हक्क जपण्याच्या कलमात, हा तरुण मदतीला गेला असावा असे त्याचे नाव घेऊन म्हटले आहे. एकाच वेळी एकच माणूस संशयितही होता आणि वीरही. पुढे स्मारकावर त्याचे नाव कोरले गेले, पण बचावकार्यात मेलेल्यांच्या रांगेत नव्हे. वेशीची राखण करताना मेलेल्या वेसकराचे नाव गावाने कोणत्या रांगेत लिहिले, हे आपण सांगू शकतो.

हे पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९४२ मध्ये, अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्याच समाजातले तरुण अमेरिकेच्या गणवेशात युरोपात लढत होते. १९८८ मध्ये कायदा करून त्यांची माफी मागण्यात आली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर्स देण्याचे ठरले. हल्ल्यानंतरच्या ऐक्याची किंमत कोणी मोजली हे राष्ट्राला कळायला तेथे ४६ वर्षे लागली.

४

तिसरी संहिता अगदी छोटी आहे. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार देणारा ठराव केला. हल्ला करणारी किंवा तिला साह्य करणारी राष्ट्रे, संघटना आणि व्यक्ती कोणत्या, हे ठरवण्याचे काम ठरावाने राष्ट्राध्यक्षांवरच सोपवले. शत्रू कोण हे एकाने ठरवायचे आणि बाकीच्यांनी आधीच होकार देऊन ठेवायचा. वरिष्ठ सभागृहात ९८ विरुद्ध ०, कनिष्ठ सभागृहात ४२० विरुद्ध १.

तो एक नकार बार्बरा ली या काळ्या स्त्रीचा. तिचा मतदारसंघ कॅलिफोर्नियातील ओकलंड. १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष जेथे जन्मला तेच ओकलंड. तरुणपणी तिने पँथरांच्या कार्यक्रमांत काम केले होते. त्या दिवशी ती जे बोलली त्यात एकही घोषणा नाही. आवाज दाटलेला आहे. ती मृतांसाठी शोक करते, निर्णय आपल्याला जड गेला असे सांगते, कोणीतरी संयमाचा आग्रह धरला पाहिजे म्हणते, आणि त्याच दिवशीच्या प्रार्थनासभेत एका धर्मोपदेशकाने दिलेला इशारा पुन्हा उच्चारते : ज्या दुष्टतेचा आपण धिक्कार करतो, कृती करता करता आपणच ती होऊ नये.

या भाषणातील ‘आपण’ खरा आहे, कारण बोलणारी स्वतःला त्यातून वगळत नाही. ती ‘तुमचे सरकार’, ‘तुमचे युद्ध’ असे म्हणत नाही. राष्ट्र तिचेही आहे म्हणून ती राष्ट्राला थांबवते. नकार हे दलित साहित्याचे एक मूल्य आहे, असे आपण मानतो. पण नकार म्हणजे संबंध तोडणे नव्हे. नकार हा संबंध खरा करण्याचा आग्रह असतो, हे या छोट्या भाषणातून दिसते. त्यानंतर तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. पुढे त्याच ठरावाचा आधार घेऊन वेगवेगळ्या राष्ट्राध्यक्षांनी वेगवेगळ्या देशांत लष्करी कारवाया केल्या. अफगाणिस्तानातील युद्ध ऑगस्ट २०२१ पर्यंत चालले. ४२० आवाजांचे ऐक्य आणि एकीचा नकार, यांत राष्ट्राची अधिक काळजी कोणाला होती, हे इतिहासाने सांगितले आहे. २०२५ मध्ये ती ओकलंडची महापौर झाली.

५

आता कवितेकडे वळू. अमिरी बराका हे नाव आपल्या पिढीला परिचित आहे. न्यूअर्कमध्ये १९३४ साली लेरॉय जोन्स म्हणून जन्मलेला आणि काळ्या कलांच्या चळवळीचा एक प्रवर्तक असलेला हा कवी २००२ मध्ये न्यू जर्सी राज्याचा राजकवी झाला. हल्ल्यानंतर त्याने एक दीर्घ कविता लिहिली. तिच्या शीर्षकातच अमेरिका कोणीतरी उडवून दिल्याचे विधान आहे, आणि ‘कोण’ हा प्रश्न हातोड्यासारखा ओळीओळीवर पडत राहतो. दहशत म्हणजे काय हे अमेरिकेला २००१ मध्ये प्रथम कळले काय? गुलामांच्या जहाजांत, झाडाला टांगलेल्या काळ्या देहांत जी होती ती दहशत नव्हती काय? हा तिचा मूळ आशय. येथवर कविता आपल्याला आपली वाटते, कारण आपल्याकडेही रात्री वस्ती पेटवली जाते त्याला दहशतवाद म्हणण्याची पद्धत नाही.

पण याच कवितेत एके ठिकाणी कवी त्या दिवसांत पसरलेली एक अफवा प्रश्नाच्या रूपाने मांडतो : हल्ल्याची पूर्वकल्पना असल्यामुळे हजारो इस्रायली कामावर आलेच नाहीत, अशी. ही अफवा निखालस खोटी होती. मृतांत ज्यू मोठ्या संख्येने होते. आपला मित्र म्हणून, विद्रोही म्हणून बराकाला येथे सूट देता येणार नाही. एका जमातीला सरसकट दोषी धरण्याची जी पद्धत मेसाच्या मारेकऱ्याने वापरली, तीच या ओळींनी वापरली. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांच्या वेदनेतून आलेले साहित्य हे समर्थनीय मानूच शकत नाही. विद्रोहाला सत्याची अट असते. ‘कोण’ असे विचारणारा कवी उत्तराविषयी बेपर्वा राहिला तर त्याचा प्रश्न अफवा पसरवणाऱ्याच्या हातातले हत्यार होतो. चांगली होऊ शकणारी कविता येथे फसली आहे, आणि ती कलेच्या अंगाने नव्हे, मूल्याच्या अंगाने फसली आहे.

आणि शासनाने काय केले? राज्यपालांनी बराकाला पद सोडण्यास सांगितले. त्याने नकार दिला. राजकवीला काढून टाकण्याची तरतूद कायद्यात नव्हती. तेव्हा २००३ मध्ये विधिमंडळाने राजकवीचे पदच रद्द केले. चुकीच्या ओळींना खरे उत्तर देता आले असते. ते दिलेही जात होते. पण स्वातंत्र्यासाठी युद्ध करीत असलेल्या देशातील एका राज्याला एक कवी सहन झाला नाही. कवी चुकला हे खरे. शासनही चुकले हेही तितकेच खरे. यातले एकच सांगणारा समीक्षक अर्धे सांगतो.

याच्या शेजारी टोनी मॉरिसन यांची त्याच आठवड्यातली छोटी रचना ठेवून पाहावी. ती थेट मृतांना उद्देशून आहे. मृतांशी बोलण्यापूर्वी ही लेखिका राष्ट्रे, युद्धे आणि नेते यांविषयी आपल्याला जे जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवू पाहते; आपली भाषा अतिशयोक्तीपासून धुऊन घेऊ पाहते. गुलामगिरीच्या इतिहासावर आयुष्यभर लिहिलेली ही लेखिका येथे इतिहासाचा हिशेब मांडत नाही. मृत्यूपुढे ती फक्त माणूस म्हणून उभी राहते. हा आशयाचा अभाव नव्हे. मृतांना कोणाच्याही ‘आम्ही’साठी वापरू न देणे, हाच तिचा आशय आहे.

६

भाषणे आणि कविता यांपलीकडे आणखी एक संहिता आहे, ती धुळीत लिहिलेली. मनोरे कोसळल्यावर शहरावर सिमेंट, काच आणि ॲस्बेस्टॉस यांची धूळ पसरली. १८ सप्टेंबर रोजी पर्यावरण संरक्षण खात्याच्या प्रमुखांनी हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. शेअर बाजार त्याच्या आदल्याच दिवशी उघडला होता. आसपासच्या इमारतींतील धूळ झाडायला रोजंदारीवरचे स्थलांतरित सफाई कामगार लावण्यात आले, आणि अनेकांना पुरेसे मुखवटेही मिळाले नाहीत. ढिगाऱ्यावर काम केलेले हजारो लोक पुढे फुप्फुसांच्या आणि इतर रोगांनी आजारी पडले. त्यांच्या उपचारांची तरतूद करणारा कायदा व्हायला २ जानेवारी २०११ उजाडले.

राष्ट्र एक झाले होते. पण धूळ कोणी झाडायची हे आधीच ठरलेले होते. ज्यांच्या घरात झाडू पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्या आपल्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको. त्या उंच उपाहारगृहातील वाचलेल्या कामगारांनी मात्र रडत न बसता २००२ मध्ये संघटना उभी केली आणि २००६ मध्ये कामगारांच्या मालकीचे उपाहारगृहही सुरू केले. हल्ल्यानंतरच्या खऱ्या ऐक्याची काही उदाहरणे सांगायची झाली तर त्यात हे एक सांगावे लागेल. येथे ‘आपण’ हा शब्द मालकीपर्यंत पोचला होता.

७

आता बाबासाहेबांनी दिलेल्या दाखल्याकडे येऊ. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ब्राइस या ग्रंथकाराने नोंदवलेला एक प्रसंग सांगितला. अमेरिकेतील एका ख्रिस्ती पंथाच्या परिषदेत प्रार्थनेमध्ये ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ अशा अर्थाचे वाक्य घालण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी ‘राष्ट्र’ या शब्दाला हरकती आल्या. त्यातून ऐक्याची फारच निश्चित कबुली दिली जाते, असे म्हणणे पडले. शेवटी तो शब्द गाळून ‘या संयुक्त संस्थानांना’ असे घालण्यात आले. अमेरिकेच्या लोकांना आपण राष्ट्र आहोत असे तेव्हा वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्या भारतीयांनी आपण राष्ट्र झालोच आहोत असे मानणे हा भ्रम आहे, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष होता. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता ही वरवरच्या रंगाइतकीच उथळ राहतील, असे त्यांनी बजावले.

याचा अर्थ असा की राष्ट्र ही हल्ल्याच्या दिवशी आपोआप प्रकट होणारी वस्तू नाही. ती हल्ल्याच्या आधी, रोजच्या व्यवहारात, पाणवठ्यावर, शाळेत आणि पंगतीत घडवावी लागते. आधी घडवले नसेल तर हल्ल्यानंतर उरतो तो फक्त भयाचा जमाव, आणि भयाच्या जमावाला नेहमी एक आतला शत्रू लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील काळ्यांच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या साप्ताहिकाने दुहेरी विजयाची मोहीम चालवली : बाहेर फॅसिझमवर विजय, घरात वर्णभेदावर विजय. त्याच सुमारास बाबासाहेब काय करीत होते? १९४१ मध्ये महार पलटण उभी राहावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले, आणि १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापून राजकीय हक्कांची मागणीही पुढे रेटली. युद्धाला पाठिंबा दिला, पण हक्क युद्धानंतर मागू, असे म्हटले नाही. संकटात राष्ट्राच्या बाजूने उभे राहणे आणि त्याच संकटात राष्ट्राला समतेची आठवण करून देणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे दोन्ही खंडांतील अस्पृश्यांनी एकाच वेळी ओळखले होते.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या साध्या प्रवाशांचाही त्यांत समावेश होता. महिनाभरात, डिसेंबर २००८ मध्ये, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा कडक करण्यात आला. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येणार नाही, असे कलम त्यात आले. सीमेपलीकडून आलेल्या मारेकऱ्यांसाठी केलेल्या या कायद्याखाली आंबेडकरी लेखक-विचारवंत आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. जामिनावर ते बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. तो मुंबईच्या हल्ल्याचा स्मृतिदिन होता आणि संविधान दिनही. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण निकालाआधीच अडीच वर्षांहून अधिक तुरुंगवास घडवणारे कलम कोणत्या शोकातून जन्मले आणि कोणाच्या दारात पोचले, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. हल्ल्यानंतर वेस थोडी किलकिली होते. ‘आत या, तुम्ही आमचेच’ असे आपल्याला सांगण्यात येते. पण त्या आमंत्रणाला बहुधा एक अट असते : आत येताना दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ढकलायला हात लावायचा. आज तो मुसलमान असेल, उद्या आणखी कोणी. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला हा मोह पडणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. दुसऱ्याला बाहेर काढून मिळालेली जागा ही ‘आपण’मधली जागा नसते, ती ‘आम्ही’च्या दारातली पहारेकऱ्याची जागा असते. ती तर आपल्याकडे आधीपासूनच होती. आपण ती सोडली ती गावाचे राखणदार राहण्यासाठी नव्हे, गावाचे नागरिक होण्यासाठी.